मरण्याआधी मावा काय करतो

फेब्रुवारीत एखाद्या उबदार दुपारी ग्वाल्हेरमधल्या थाटीपुरच्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. मुरारकडून येणारा दुचाकीस्वार एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने डोळा चोळत असतो. हेल्मेटची काच वर ठेवून निघालेल्याला पुढच्या वळणापर्यंत पश्चात्ताप होतो. पिवळा सदरा घालून बाहेर पडलेल्याची तर शोभाच होते. घरी पोचेपर्यंत खांद्यावर, पाठीवर, कॉलरमध्ये बारीक हिरवट-काळे जीव चिकटलेले असतात. झटकायला गेले की चिरडतात आणि कापडावर डाग ठेवून जातात. शहरातली माणसे चार-आठ दिवस वैतागतात, मग ऊन तापते आणि विषय संपतो.

मराठीत ज्याला मावा म्हणतो तोच हा जीव. ग्वाल्हेरच्या हिंदीत माहू, थोडे पश्चिमेला राजस्थानात मोयला किंवा चेंपा. मुरैना, भिंड आणि ग्वाल्हेर हा मोहरीचा पट्टा आहे. शेंगा भरून कडक होऊ लागल्या की झाडातला रस आटतो, काडीवर गर्दी मावेनाशी होते, आणि मग पंख असलेली पिढी जन्माला येऊन नव्या हिरवळीच्या शोधात उडते. पिवळा रंग दिसला की ती खाली उतरते. जर्मन संशोधक मोएरिके यांनी 1950 च्या सुमारास पाणी भरलेली पिवळी थाळी ठेवून मावा पकडण्याची युक्ती दाखवली. आज शेतात टांगले जाणारे पिवळे चिकट सापळे त्याच युक्तीवर चालतात. पिवळा सदरा हाही त्यातलाच एक सापळा, फक्त हिंडता.

शहराला मावा दिसतो तो असा, हंगाम उलटल्यावर. शेतकऱ्याची त्याच्याशी गाठ डिसेंबरअखेरीपासूनच पडलेली असते. तोवर एक-दोन फवारण्या झालेल्या असतात, दुकानदाराशी हुज्जत घालून झालेली असते, आणि ‘औषध लागू पडले नाही’ हे वाक्यही बोलून झालेले असते. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याभोवती लिहिली आहेत. औषध लागू पडले की नाही, हे आपण मेलेल्या किड्यांवरून ठरवतो. पण आंतरप्रवाही औषधांच्या बाबतीत खरी गंमत मरणाच्या आधी घडते. रसात विष आहे हे मावा कसे ओळखतो, ओळखून सोंड उपसतो की पीत राहतो, उठून चालू लागतो की जागेवरच उपाशी बसतो, शेजारच्या झाडावर जातो का, जाताना बरोबर काय नेतो, पिले किती घालतो? हे तास-दोन तास, कधी दोन-तीन दिवस, पिकाचे भवितव्य ठरवतात. आणि ग्वाल्हेरच्या आसपास मोहरी आणि बटाटा ही दोन पिके एकाच हंगामात उभी असतात, ती या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे देतात.

आधी मोहरीकडे पाहू. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेली मोहरी बहुतेक वेळा माव्याच्या हातून सुटते, कारण थंडी ढगाळ आणि दमट होऊन मावा फोफावेपर्यंत तिच्या शेंगा धरलेल्या असतात. उशिरा पेरलेली नेमकी फुलोऱ्यात सापडते. पहिल्यांदा दोन-चार पंखवाल्या माद्या येतात. नराची गरज नाही, अंड्याची भानगड नाही. मादी सरळ जिवंत पिले घालते आणि त्या पिलांच्या पोटात पुढची पिढी आधीच आकार घेत असते. आठवडा-दहा दिवसांत पिलू स्वतः आई होते. जानेवारीच्या मध्याला फुलोऱ्याची मधली दांडी तोडून भिंगाखाली धरली तर हिरवी काडी दिसतच नाही. राखी-हिरवे, अंगावर पिठासारखी पूड असलेले जीव एकाला एक खेटून, डोके खाली आणि बूड वर करून बसलेले असतात. मधूनच एखाद्याच्या मागच्या टोकावर पारदर्शक थेंब फुगतो आणि पाय झटकून तो दूर फेकला जातो. या गर्दीत एखादा सोनेरी-तपकिरी, फुगलेला, न हलणारा मावाही सापडतो. त्याच्या आत डाएरेटिएल्ला जातीच्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीचे पिलू वाढत असते. शेंड्याच्या दहा सेंटिमीटर लांबीवर साधारण 25 ते 30 मावा मोजले गेले की फवारणीचा विचार करावा, असा या भागातला सल्ला आहे. मोजतो कोण, हा वेगळा प्रश्न.

मावा जेवतो कसा, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. त्याची सोंड केसाहून बारीक, लवचिक असते. ती पेशींना फाडत जात नाही, पेशींच्या मधून वाट काढते आणि मागे लाळेची एक नळी घट्ट होत जाते. वाटेत जवळपास प्रत्येक पेशीला ती क्षणभर टोचते आणि घोट घेते. हे टोचणे पाच-दहा सेकंदांचे असते. अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचायला बऱ्याचदा तासभर, कधी अधिक वेळ लागतो. एकदा तिथे सोंड लागली की मावा आधी लाळ सोडतो आणि मग पितो. पितो म्हणण्यापेक्षा झाडाच्या दाबाने रस त्याच्या आत शिरतो आणि तो तासन्‌तास हलत नाही. या रसात साखर रग्गड, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्ले तुटपुंजी. काही आम्ले माव्याच्या पेशींत राहणारे बुखनेरा नावाचे जिवाणू बनवून देतात, तरी भागत नाही. म्हणून तो प्रमाणाबाहेर रस ढोसतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. पानावर पडणारा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड काजळी फासल्यासारखे दिसू लागते. पण त्याच ढोसण्यात त्याचे मरणही आहे. रसात विष मिसळले तर मावा ते इतर किड्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आत घेतो.

रसात विष मिसळण्याची कल्पना जर्मनीत 1940 च्या दशकात रुजली. बायर कंपनीत गेर्हार्ड श्राडर सेंद्रिय फॉस्फरसची संयुगे तपासत होते. त्यातली काही झाडात शिरून रसाबरोबर फिरतात आणि रस पिणाऱ्याला मारतात, हे त्यांच्या लक्षात आले. (त्याच श्राडर यांच्या प्रयोगशाळेतून टॅबून आणि सरीनसारखे युद्धातले विषारी वायूही निघाले, हे विसरून चालत नाही.) पुढे मेटासिस्टॉक्स, डायमेथोएट आणि फोरेट आले. आपल्याकडे ती रोगोर, थिमेट अशा ब्रँडच्या नावांनीच ओळखली जातात. ‘फोरेट कधी वापरलेच नाही’ म्हणणारा शेतकरी ‘थिमेट’ म्हटल्यावर नाक मुरडतो, कारण तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. 1985 मध्ये जपानमध्ये इमिडाक्लोप्रिड तयार झाले, 1991 मध्ये बाजारात आले, आणि निओनिकोटिनॉइड गटाचे युग सुरू झाले. किड्याच्या मज्जातंतूंतल्या ज्या ग्राहकांवर निकोटिन बसते, त्यांच्यावरच ही औषधे बसतात. निकोटिन झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी घडवलेले विष आहे. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कुलपाला अधिक घट्ट बसणारी आणि उन्हात टिकणारी किल्ली बनवली.

आता एक कोडे. इमिडाक्लोप्रिड झाडात चढते ते मुख्यतः पाण्याच्या नळ्यांतून, मुळाकडून पानाच्या कडेकडे. मावा मात्र बसलेला असतो अन्नाच्या नळ्यांवर. मग विष त्याच्यापर्यंत पोचते कसे? थोडे पानातल्या पेशींतून अन्नरसात झिरपते. थोडे तो वाटेत घेतलेल्या घोटांतून मिळवतो. शिवाय मावाही अधूनमधून पाण्याची नळी गाठून पाणी पितो. पाणी कमी पडलेल्या किंवा पंखांनी दूरवरून आलेल्या माव्याला तहान लागते. औषध इतके जालीम असते की हे थोडे-थोडेही पुरते. पण या मार्गाचा एक परिणाम शेतात रोज दिसतो. विष जुन्या पानांत साठत राहते आणि कोवळ्या शेंड्यात विरळ होते. मावा शेंड्यावर असतो. बीजप्रक्रिया करून ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या मोहरीत डिसेंबरअखेर शेंड्यापर्यंत पोचणारी मात्रा इतकी उतरलेली असते की ती मारत नाही, फक्त माव्याला जाणवते. या ‘जाणवण्या’वर पुढे एक आख्खे प्रकरण आहे. मला ते या विषयाचे सर्वांत रंजक अंग वाटते.

1995 मध्ये राल्फ नाउएन यांनी बटाटा, मिरची, कोबी अशा शेकडो पिकांवर बसणाऱ्या मायझस पर्सिकी या माव्यावर इमिडाक्लोप्रिडच्या अतिशय कमी मात्रेचे परिणाम प्रसिद्ध केले. मात्रा मारण्यापुरती नव्हती. तरी मावा जेवणे सोडून देत होता. सोंड उपसून पानावर हिंडत होता, चिकट्याचे थेंब घटत होते, आणि काही दिवसांत तो भुकेने मरत होता. तोच मावा स्वच्छ पानावर उचलून ठेवला तर पुन्हा खाऊ लागे. म्हणजे विषबाधेने मेलेला आणि विष ओळखून उपाशी मेलेला, असे दोन वेगळे मावा शेतात असतात, आणि वरून पाहणाऱ्याला ते सारखेच दिसतात. फरक इतकाच की दुसऱ्याला शेजारी औषध नसलेले झाड मिळाले तर तो वाचतो.

हे सगळे कळते कसे? त्याचे साधन मला आजही चकित करते. माव्याच्या पाठीवर चांदीच्या लेपाचा टिपका देऊन काही मायक्रॉन जाडीची सोन्याची तार चिकटवायची, दुसरे टोक कुंडीतल्या मातीत, आणि दोन्हींच्या मध्ये अगदी हलका विद्युत प्रवाह. सोंड झाडात शिरली की सर्किट पूर्ण होते आणि ती कुठल्या ऊतीत आहे त्यानुसार आलेख बदलतो. पेशीत टोचले की एक खळगा, अन्नरसाच्या नळीत लाळ सोडताना एक नक्षी, पिताना दुसरी, पाणी पिताना तिसरी. अमेरिकेत मॅक्लीन आणि किन्झी यांनी 1964 मध्ये ही पद्धत मांडली. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या तिजालिंगी यांनी 1978 मध्ये तिचे अधिक नेमके रूप घडवले. सोन्याची तार बांधलेला मावा आठ तास बसवून ठेवायचा आणि त्याच्या प्रत्येक घोटाची नोंद घ्यायची! शेतकऱ्याला सांगितले तर तो हसेल, पण आज औषधांच्या जाहिरातीत ‘काही तासांत खाणे बंद’ असे जे म्हणतात त्यामागे असल्याच नोंदी असतात.

जास्त मात्रा मिळालेल्या माव्याचा शेवट निराळा. डायमेथोएट किंवा थायामेथोक्झामची फवारणी नीट झाली असेल तर थोड्या वेळात गर्दीत चुळबूळ सुरू होते. पाय थरथरतात, मिशा हलतात, सोंड काढता येत नाही म्हणून शरीर तिच्याभोवती फिरते. सुटलेले वेडेवाकडे चालतात आणि काडीवरून खाली पडतात. संध्याकाळपर्यंत बरीचशी काडी हिरवी दिसू लागते. शेतकऱ्याला ‘औषध’ म्हणजे हे अपेक्षित असते. धडपड, पडझड आणि रिकामी काडी.

आणि नेमके तसे न होणारी औषधे आता बाजारात आहेत. पायमेट्रोझीन आणि फ्लोनिकामिड ही त्यातली मुख्य. फ्लोनिकामिडला आपल्याकडे दुकानात बरेच जण ‘उलाला’ म्हणूनच मागतात. पायमेट्रोझीन मिळालेल्या माव्याला सोंड झाडात घालताच येत नाही किंवा घातलेली टिकवता येत नाही. ते किड्याच्या ताण आणि हालचाल ओळखणाऱ्या इंद्रियांवर काम करते, हे रेणूच्या पातळीवर 2015 मध्ये उलगडले. त्याच्या आधी किती वर्षे ते विकले जात होते! मावा मरतो तो उपासमारीने, दोन-चार दिवसांनी. तोवर तो काडीवर असतो, पाय हलवतो, बोट लावले तर सरकतो. शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो, मावा जिथल्या तिथे. तो दुकानात जातो, दुकानदार दुसरी बाटली देतो, आणि तिसऱ्या दिवशी अशा माव्यावर दुसरी फवारणी होते जो आदल्या दिवसापासूनच उपाशी आहे आणि ज्याच्याकडून पिकाला आता काहीही धोका नाही. पैसे गेले, मित्रकीटक गेले, आणि कीर्ती मिळाली दुसऱ्या बाटलीला. बाटलीवरच्या पत्रकात मात्रा असते, पाण्याचे प्रमाण असते, धोक्याचा रंगीत त्रिकोण असतो. पण ‘तीन दिवस मावा जागेवरच दिसेल, घाबरू नका’ हे एक वाक्य ठळक छापायला कोणाचे काय जाते, हे मला समजलेले नाही.

इथवर मावा स्वतःच शत्रू होता. बटाट्याच्या शेतात तो पोस्टमन होतो.

ग्वाल्हेरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि तिथे बियाण्याचा बटाटा तयार होतो. बियाण्याच्या बटाट्यात माव्याने किती रस प्यायला याला महत्त्व नाही. तो कोणता विषाणू देऊन गेला याला आहे. बटाट्याचे दोन मोठे विषाणू माव्याबरोबर प्रवास करतात. पण त्यांच्या प्रवासाच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की एकाला थांबवणारे औषध दुसऱ्याला मदत करू शकते. पाने गुंडाळणारा विषाणू झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहतो. माव्याने तिथपर्यंत सोंड घालून पुष्कळ वेळ प्यायले, विषाणू त्याच्या पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत गेला, आणि मग नव्या झाडावर तो पुन्हा तासभर बसला, तर लागण होते. या सगळ्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात आंतरप्रवाही औषध त्याला गाठते. इथे औषध चोख काम करते. दुसरा, पीव्हीवाय किंवा वाय विषाणू, सोंडेच्या टोकाला चिकटून जातो. माव्याने पानाला एकदा टोचले, पाच-दहा सेकंदांचा घोट घेतला आणि नापसंत करून उडाला, तरी काम झालेले असते. औषधाला तेवढी सवडच नसते. त्यातही मावा पानावरच्या औषधाने बेचैन होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरू लागला, तर त्याच्या टोचण्या वाढतात. शिवाय वाय विषाणू नेण्यासाठी माव्याने बटाट्यावर घर करायलाच हवे असे नाही. ज्याला बटाटा आवडतच नाही असा वाटसरू मावाही चव घेऊन पुढे जाताना रोग सोडून जातो. शेजारी मोहरीचा पट्टा असलेल्या प्रदेशात हे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे.

म्हणून वाय विषाणूसाठी शास्त्रज्ञ विषापेक्षा वेगळ्या वाटा शोधत आले. 1962 च्या सुमाराला कॅनडात ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी पानावर खनिज तेलाचा पातळ थर दिला तर टोचण्यातून होणारी लागण घटते, असे दाखवले. मावा मरत नाही, पण सोंडेवरचा विषाणू पोचत नाही. शेताच्या कडेने मका किंवा ज्वारीसारख्या उंच पिकाच्या ओळी लावल्या तर येणारा मावा आधी तिथे टोचतो आणि सोंड जवळजवळ ‘पुसून’ आत येतो. भारतात मात्र सर्वांत मोठे काम औषधाने नव्हे, पंचांगाने केले. डॉ. पुष्करनाथ यांनी केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत ‘सीड प्लॉट टेक्निक’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत बसवली. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मावा फार कमी असतो. तेवढ्या काळात बियाण्याचा बटाटा वाढवून घ्यायचा, रोगट झाडे उपटत राहायचे, आणि शंभर संयुक्त पानांमागे 20 मावा दिसले की झाडाचा वरचा पाला कापून टाकायचा. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पूर्वार्धात शेत उघडेबोडके होते आणि बटाटे जमिनीखाली साल पक्की होईपर्यंत राहतात. माव्याचा मोठा ओघ येतो तेव्हा त्याला उतरायला पानच नसते. या पद्धतीच्या जोरावर मैदानात चांगले बियाणे होऊ लागले, नाहीतर ते फक्त हिमालयातून येत असे. त्यात लागवडीच्या वेळी फोरेटचे दाणे घालत. 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून फोरेट भारतात बंद झाले. पाला कापायचा विळा मात्र अजून चालतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे लांबचे वाटू नये. विदर्भ-मराठवाड्यातले कपाशीचे बियाणे अनेकदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावूनच पाकिटातून येते. मावा आणि तुडतुडे सुरुवातीचे काही आठवडे दबून राहतात आणि मग ‘अचानक’ येतात. ते अचानक येत नाहीत, औषध विरळ होते. मराठवाड्यातल्या करडईवरचा काळा मावाही मोहरीच्या माव्यासारखाच उशिरा पेरलेल्या पिकाला गाठतो. आणि सांगली जिल्ह्यातला 2002 चा पावसाळा तर ऊस उत्पादकांच्या लक्षात असणारच. लोकरी माव्याने पानांखाली पांढरा थर धरला, खालच्या पानांवर चिकटा टपकून काळी बुरशी चढली, आणि डोक्याच्या वर वाढलेल्या उसात फवारणी करायची कशी, हा प्रश्न पडला. फोरेट टाकले गेले, फवारेही मारले गेले. पण त्या साथीला शेवटी आटोक्यात आणले डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमससारख्या शिकारी कीटकांनी. अळी लोकरीच्या थराखाली जाळे विणून एकामागून एक मावा फस्त करत जाते. ज्या फडात औषध कमी पडले होते तिथे डिफा लवकर वाढली, असे तेव्हा अनेकांनी अनुभवाने सांगितले. माव्याने वागण्यात काय बदल केला, यापेक्षा त्याला खाणाऱ्याला आपण जगू दिले का, हा प्रश्न उसात मोठा ठरला.

खाणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. 2019 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवले की निओनिकोटिनॉइड दिलेल्या संत्रावर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणाच्या चिकट्यात ते औषध उतरते आणि तो चिकटा चाटणाऱ्या सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या मरतात. म्हणजे न मेलेला रसशोषक कीटक स्वतः उभा राहून आपल्या शत्रूंना विष वाढतो. दुसरी गोष्ट मधमाशांची. चंबळच्या मोहरीत मधमाश्यापालक फुलोऱ्यात पेट्या आणून ठेवतात आणि मोहरीचा मध इथला मोठा व्यवसाय आहे. 2015 मधल्या एका प्रयोगात मधमाश्या आणि भुंग्यांना साध्या साखरपाण्याबरोबर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मिसळलेले साखरपाणी ठेवले. त्यांना त्याची चव कळत नव्हती, तरी ते औषधाचेच पाणी जास्त पीत होते. मावा त्याच औषधाची चाहूल लागताच जेवण सोडतो आणि मधमाशी ते जास्त पिते. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला त्यामागे मधमाशांचीच चिंता होती. आपल्याकडे निदान फुलोऱ्यात फवारणी करायचीच झाली तर मधमाश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी, एवढे तरी पाळले जावे.

प्रतिकारशक्तीवर वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. मायझस पर्सिकी माव्यात 2009 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या पीचच्या बागांतून निओनिकोटिनॉइडना दाद न देणारा वंश सापडला. त्याच्या ग्राहकातले एकच अमिनो आम्ल बदलले होते. पण मला याहून मजेशीर वाटतो तो इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा शोध. पायरेथ्रॉइड औषधांना न जुमानणारा मावा संकटाचा इशारा ऐकण्यात मंद असतो. हल्ला झाला की मावा पाठीवरच्या नळ्यांतून एक वास सोडतो, तो मिळाला की शेजारी सोंड काढून पळतात किंवा पडतात. प्रतिकारक माव्यांपैकी बरेच तो वास येऊनही बसून राहतात आणि गांधीलमाशीच्या तडाख्यात सापडतात. औषधावर जिंकणारा असा एका बाजूने हरतोही. अगदी कमी मात्रा मिळालेल्या काही माद्या उलट नेहमीपेक्षा जास्त पिले घालतात असेही प्रयोगांत दिसले आहे. बीजप्रक्रियेच्या उरलेल्या शेपटावर जगणाऱ्या पिकाबद्दल बोलताना ही नोंद नजरेआड करू नये.

हे सगळे मराठीत का, असे थाटीपुरातल्याच एका शेजाऱ्यांनी विचारले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून शेती जवळजवळ गेली. पुढची पिढी पुण्यात किंवा बंगळुरूत. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय 2008 मध्ये इथेच झाले, पण तिथले साहित्य हिंदी-इंग्रजीत. खरे आहे. तरी विदर्भातला कपाशीवाला, मराठवाड्यातला करडईवाला, पश्चिम महाराष्ट्रातला ऊसवाला आणि नाशिक-पुणे पट्ट्यातला भाजीवाला एकाच माव्याच्या नात्यातल्या जीवांशी झगडतो. त्याला दुकानातून बाटली मराठीत मिळते, पण माव्याच्या वागण्याचे ज्ञान नाही. पहिली दोन प्रकरणे माव्याच्या जगण्याबद्दल आहेत आणि ती वगळू नयेत. घाईत असलेल्याने मोहरीचे तिसरे किंवा बटाट्याचे पाचवे प्रकरण थेट उघडले तरी चालेल. रसायनांची नावे कंपन्यांच्या ब्रँडबरोबर दिली आहेत, कारण शेतकरी ब्रँडनेच ओळखतो. मात्रा मात्र कुठेही दिलेल्या नाहीत. त्या पत्रकातून आणि कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतूनच घ्याव्यात, कारण त्या बदलतात आणि पुस्तके बदलत नाहीत.

फवारणी केल्यानंतर दुसऱ्या दिवशी काडीवर मावा तसाच दिसला तर दुसरी बाटली घेण्याआधी एक करून पाहावे. गडद रंगाचा गुळगुळीत कागद, जुन्या कॅलेंडरचे काळे-निळे पान चालेल, शेंड्याच्या खाली दोन दांड्यांना सुतळीने बांधून अर्धा तास ठेवावा. शेजारच्या, औषध न मारलेल्या झाडाखालीही तसाच एक बांधावा. दुसऱ्या कागदावर बारीक चकचकीत थेंब भरभरून पडलेले दिसतील. पहिल्यावर ते नसतील किंवा मोजके असतील, तर वरचा मावा पाय हलवत असला तरी जेवत नाही, आणि दुकानाकडे जायची गरज नाही.